तेराव्याचं गोड

टाळेबंदीचा पहिला दिवस गुढीपाडव्याचा होता, हे आता फारसं कुणाच्या लक्षात नाही. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता घोषणा झाली, बारा वाजता देश बंद झाला आणि सकाळी उठून गुढी उभारायची होती. ज्यांनी आधीच गाठी आणून ठेवल्या होत्या त्यांच्या गुढीला गाठी, बाकीच्यांच्या गुढीला नुसता कडुलिंब. समोरच्या इमारतीत कुणीतरी झेंडूऐवजी कुंडीतली सदाफुली ओवून बांधली होती. श्रीखंडासाठी घरचंच दही टांगलेलं. माणसं घाबरलेली होती हे तर खरंच, पण ती खुशीतही होती. गॅलऱ्यांमधून एकमेकांना हात करत होती, मोठमोठ्यानं शुभेच्छा देत होती. मुलं, नवरे, सुना, सगळे एकाच वेळी घरात असा पाडवा कित्येक घरांनी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता.

या खुशीबद्दल आपण फार बोलत नाही. बोललोच तर वेगळ्या मैफलीत बोलतो. त्या दोन वर्षांच्या आपल्याकडे दोन गोष्टी तयार आहेत. एक गमतीची: २८ मार्चपासून दूरदर्शनवर पुन्हा लागलेलं ‘रामायण’, फेटून फेटून दंड दुखवणारी कॉफी, नवऱ्यानं केलेल्या नकाशाच्या आकाराच्या पोळ्या. दुसरी रडवणारी: खाटा, सिलिंडर, रेमडेसिव्हिरच्या रांगा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह. समोर कोण बसलंय ते पाहून आपण त्यातली एक बाहेर काढतो. एकाच बैठकीत दोन्ही सांगणारा माणूस मला अजून क्वचितच भेटलाय. खरं तर जगलो ते दोन्ही एकाच दिवशी, कधी कधी एकाच तासात.

८ मे २०२० ची गोष्ट घ्या. जालन्याहून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे रुळांवरून चालत निघालेले मजूर औरंगाबादजवळ करमाडपाशी थकून रुळांवरच झोपले आणि पहाटे मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांत विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो दिवसभर फिरत होता. त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीत कोकणातून थेट बागायतदाराकडून हापूसच्या पेट्या आल्या होत्या. बाजार समित्या धड चालू नव्हत्या, म्हणून त्या वर्षी आंबा असा दारात येत होता आणि आला तोही चांगला. घरोघरी आमरस होता. फोटो पाहिल्यावर आमच्याकडे वाटी बाजूला सरकवली गेली, थोड्या वेळानं पुन्हा ओढली गेली. रस गोड होता. पोटात कालवत होतं हेही खरं आणि रस गोड लागला हेही खरं.

त्या दिवशी ज्यांनी वाटी सरकवून ठेवली त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यानं जालन्याहून कुणी घरी पोचलं नसतं. माझी तक्रार दुसऱ्या एका माणसाबद्दल आहे. रस नीट खाता यावा म्हणून टीव्ही बंद करणारा आणि ‘किती बघायचं ते निगेटिव्ह’ म्हणणारा. दोन भावना एकत्र बाळगायला जड जातात, म्हणून आपण एक टाकून देतो. कुणी आनंद टाकतो, कुणी दुःख. टाकलं की हलकं वाटतं हे खरंच. पण दुःख टाकून देणाऱ्याला पुढच्या महिन्यात कामवाल्या मावशींच्या पगाराचा विसर पडतो, हेही मी आजूबाजूला पाहिलंय.

मावशींचं निघालंच आहे तर त्यांचंही सांगते. मिश्र भावना ही सुखवस्तू लोकांची चैन आहे, गरिबाला एकच भावना परवडते, असा आपला एक गोड गैरसमज असतो. आमच्या मावशींना काही महिन्यांनी सोसायटीनं आत घेतलं तेव्हा मी विचारलं, कसे गेले दिवस? त्या म्हणाल्या, “ताई, लग्न झाल्यापास्नं पयल्यांदा दुपारची झोपले. बरं वाटायचं. पण झोपेतबी हिशोबच चालायचा.” घरभाडं, गॅस, मुलाचा मोबाइल, सगळ्याचा हिशोब. पाच घरांपैकी तीन घरांनी पगार दिला होता, दोघांनी फोन उचलणं बंद केलं होतं. हे सगळं एका दमात सांगून त्या हसल्या आणि भांड्यांकडे वळल्या. त्या काळाबद्दल मी ऐकलेलं हे सर्वांत नेमकं वर्णन आहे. आमच्यासारख्या लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांना ते जमलं नाही. आम्ही एक तर फ्लेमिंगोंवर लिहिलं, नाही तर मजुरांवर. ठाण्याच्या खाडीत आणि नवी मुंबईच्या पाणथळ जागांत त्या एप्रिलमध्ये पसरलेला गुलाबी रंग खरोखरच डोळ्यांचं पारणं फेडणारा होता. ते लिहिणाऱ्यांना ‘लोक मरतायत आणि तुम्हाला पक्षी सुचतात’ असं ऐकावं लागलं. दुसऱ्या बाजूला ‘निसर्ग श्वास घेतोय’ असं म्हणणाऱ्यांना माणसांचा श्वास कोंडल्याची बातमी नको होती. भांडण बघायला दोन पक्षांचं, पण हट्ट एकच: मनात एका वेळी एकच रंग असावा.

संकटात मन असं चालत नाही, याचा एक चांगला पुरावा सॅन फ्रान्सिस्कोतून आलेला आहे. एड्सवर प्रभावी औषधं नव्हती त्या काळात, म्हणजे १९९० च्या आसपास, सुझन फोकमन या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी एड्सच्या रुग्णांची घरी शुश्रूषा करणाऱ्या त्यांच्या जोडीदारांच्या मुलाखती घेत होते. प्रश्न अर्थातच त्रासाबद्दलचे: काय कठीण गेलं, कसं निभावलंत. काही दिवसांनी त्या शुश्रूषा करणाऱ्यांनीच तक्रार केली की तुम्ही आम्हाला फक्त वाईटच विचारता. आमच्या दिवसात चांगलंही काही घडतं, ते का नाही विचारत? मग प्रश्न वाढवण्यात आला. आणि जवळजवळ प्रत्येकानं काहीतरी सांगितलं. जोडीदाराला आज जेवण गेलं, कुणीतरी फुलं आणली, संध्याकाळ छान होती. ज्यांचा माणूस नुकताच गेला होता त्यांनीसुद्धा सांगितलं. त्यांचं दुःख त्यामुळे कमी भरलं असं नाही. ते मोजमापात तेवढंच होतं. दोन्ही शेजारी शेजारी नांदत होतं. मला या हकिकतीतली सगळ्यात आवडलेली बाब म्हणजे ही दुरुस्ती संशोधकांना सुचली नाही, दुःख भोगणाऱ्यांनी ती करायला लावली.

आपल्या जुन्या बायकांना हे सांगायला अमेरिकेत जावं लागलं नसतं, हेही खरं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलंय त्यांना ठाऊक आहे. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यातून त्यांच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्यानं घर केलं, इतकं की बाहेरून आलेलं सगळं धुवून घ्यायचं. त्या धुण्यापायी त्यांच्या आईचे काय हाल झाले ते लक्ष्मीबाई सांगतात आणि वाचणारा हसून हसून बेजार होतो. हसता हसता मध्येच लक्षात येतं की हा एका भेदरलेल्या माणसाचा आणि पिचलेल्या बाईचा संसार आहे. हसू तरीही थांबत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये दुधाच्या पिशव्या साबणानं धुताना आणि भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवताना मला त्या वडिलांची फार आठवण यायची. भीतीचं सोवळं होतं तेव्हा कसं दिसतं, ते आपण सगळ्यांनीच पाहिलं.

आपल्याकडच्या दुखवट्याच्या चालीरीतींकडे मी त्या काळानंतर वेगळ्या नजरेनं बघायला लागले. एरवी मला कर्मकांडाचं फार प्रेम नाही. पण ज्यांनी कुणी या रीती बसवल्या, त्यांना माणसाचं मन पक्कं माहीत होतं असं आता वाटतं. ज्या घरात माणूस गेलंय तिथं चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. कारण भूक लागणार आहे, आणि ती लागल्याची लाज वाटणार आहे. म्हणून ‘मला भूक नाही’ म्हणणाऱ्याला हाताला धरून पानावर बसवायचं काम शेजारणीचं. गावाकडे वेशीपासून हंबरडा फोडत येणारी बाई घटकाभरानं ओसरीवर बसून कांद्याला काय भाव मिळाला ते विचारते, आणि तिचं रडणं खोटं होतं असं कुणीही म्हणत नाही. दहा दिवस भेटायला येणारी माणसं गेलेल्याच्या आठवणी काढतात. पाचव्या-सहाव्या दिवशी त्याच्या विसरभोळेपणाचा एखादा किस्सा निघतो आणि भरल्या घरात हशा पिकतो. मग कुणीतरी डोळे पुसत ‘असा होता बघा’ म्हणतं. तेराव्याला गोड. गोड खावंसं वाटतंय का, हे कुणी विचारतच नाही. पहिला घास वडीलधाऱ्यानं भरवायचा. वर्षभर ‘यंदा आमच्याकडे सण नाही’ म्हणायचं, आणि शेजारून पुरणपोळीचं ताट यायचंच. घरात लग्नाचं कुणी असेल तर ते वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणजे रडून झालेल्या मांडवातच अक्षता टाकायला ही रीत मोकळीक देते, किंबहुना घाई करते.

या सगळ्याचा फायदा असा की माणसाला स्वतःहून हसावं लागत नाही, जेवावं लागत नाही. चार माणसं त्याच्याकडून ते करवून घेतात. जेवलो त्याचा दोष चौघांत वाटला जातो.

महामारीनं नेमकी ही चार माणसं काढून घेतली. २०२१ च्या एप्रिलमध्ये राज्यात लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास, अंत्ययात्रेला वीस माणसं असे नियम होते. कोविडनं गेलेल्यांच्या बाबतीत तर प्रत्यक्षात दोन-तीनच माणसं, तीही लांब उभी. विधी मोबाइलवर. राज्यात सरकारी मोजणीप्रमाणे सुमारे १ लाख ४८ हजार माणसं या साथीत गेली. त्यांतल्या बहुतेकांच्या घरी ओसरीवरची ती बैठक झालीच नाही. माणसं नसली तरी भूक होती, झोप होती, सुटकेचा निःश्वास होता, अधूनमधून हसूही होतं. पण ते ज्याचं त्याला एकट्यानं, दार लावून. आणि एकट्यानं हसलेलं माणसाला गुन्ह्यासारखं वाटतं.

माझ्या मामेभावाच्या घरची गोष्ट त्याच्या बायकोच्या परवानगीनं सांगते. दुसऱ्या लाटेत तो आजारी पडला. ऑक्सिजनची खाट मिळेना. अर्धं घर फोनवर, ओळखीपाळखीचे नगरसेवक, डॉक्टर, शाळेतले वर्गमित्र, सगळे कामाला लागलेले. रात्री दोनच्या सुमाराला निरोप आला की अमुक ठिकाणी एक खाट मोकळी झालीय. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर हात जोडलेले, फुलांचे, पेढ्यांचे सुद्धा इमोजी पडले. वहिनी त्याला घेऊन पोचली तेव्हा वॉर्डबॉय चादर बदलत होता आणि खाटेखाली आधीच्या माणसाच्या चपला तशाच होत्या. ती म्हणते, “मला ते दिसलं. कळलं पण. आणि तरी मला इतका आनंद झाला होता ना, की मी त्या चपला पायानंच बाजूला सारल्या.”

तो अकराव्या दिवशी गेला. त्या अकरा दिवसांत ती धड झोपली नव्हती, कारण रुग्णालयातून फोन कधीही यायचा आणि प्रत्येक फोनला छातीत धस्स व्हायचं. शेवटचा फोन आला, पुढचं सगळं पालिकेच्या माणसांनी उरकलं, आणि त्या रात्री ती सलग सात तास झोपली. गाढ, स्वप्न न पडता. सकाळी जाग आली तेव्हा पहिलं जे वाटलं ते दुःख नव्हतं, ‘आता फोन येणार नाही’ हे वाटलं. चपलांची आणि झोपेची या दोन गोष्टी तिनं कुणाला सांगितल्या नाहीत. आईला नाही, मुलीलाही नाही. तेराव्याला तिनं शिरा केला होता. ती आणि मुलगी दोघीच घरात. खा गं म्हणणारं कुणी नाही. शिरा संध्याकाळपर्यंत झाकून पडला होता.

हे तिनं मला पुढे काही वर्षांनी सांगितलं, मेथी निवडत बसलो असताना, माझ्याकडे न बघता. आणि सांगून झाल्यावर विचारलं, “मी वाईट आहे का गं?”

नाही. अजिबात नाही. खाट मिळाल्याचा आनंद हा नवऱ्यावरच्या जिवापाड प्रेमाचा आनंद होता, दुसऱ्याच्या मरणाचा नव्हे. आणि अकरा रात्रींनंतर आलेली झोप शरीराची असते, तिला निष्ठा विचारायची नसते. मनात काय उगवलं यावरून माणसाची लायकी ठरत नाही. तसं असतं तर आपल्यापैकी एकही जण तोंड दाखवायच्या लायकीचा उरला नसता. तिनं पुढे केलं काय, ते बघा. त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर असलेल्या आजोबांना कुणी भेटायला येऊ शकत नव्हतं. त्यांच्या मुलाला ती रोज स्वतःच्या मोबाइलवरून निरोप पाठवत होती. आजोबा बरे होऊन घरी गेले. तिला त्याचा आनंद झाला आणि असूयाही वाटली. दोन्ही तिनंच सांगितलं.

न सांगितलेल्या भावना कुठं तरी वाट काढतातच, आणि बहुतेक वेळा चांगल्या वाटेनं नाही. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत एक परिचारिका राहते. २०२० च्या २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता तिच्यासाठी सगळ्यांनी थाळ्या वाजवल्या. महिन्याभरात त्याच लोकांनी तिला पत्र दिलं की आपल्या आणि सर्वांच्या सुरक्षिततेसाठी आपण काही दिवस अन्यत्र राहावं. याला सरसकट ढोंग म्हणतात. मला ते पुरतं पटत नाही. थाळ्या वाजवताना डोळ्यांत पाणी आलेली माणसं मी पाहिली आहेत, ते पाणी खरं होतं. भीतीही खरी होती. फसलं कुठं, तर कृतज्ञता उघड्यावर वाजवली आणि भीती ‘सुरक्षितता’ या सभ्य मथळ्याखाली लेटरहेडवर टाइप केली. कुणी जिना उतरून तिला म्हणालं असतं, ‘सिस्टर, तुमचं कौतुक आहे आणि आम्हाला तुमची भीतीही वाटते,’ तर तिनं ती कशी काळजी घेते ते समजावलं असतं. तिला रोजचीच सवय होती भ्यालेल्या लोकांशी बोलायची. पत्र गेलं. ती मात्र कुठं गेली नाही, तिथंच राहिली. अजूनही राहते, आणि आता लिफ्टमध्ये तिला बघून लोक मोबाइल काढून बघत बसतात.

सगळं मान्य करा म्हणजे सगळ्याला मोकळीक द्या, असं मात्र मी म्हणत नाही. हल्ली ‘तुमच्या भावना योग्यच आहेत’ असं सांगणाऱ्यांचं पीक आलंय. भावना योग्य-अयोग्य नसते, कृती असते. ज्यांनी इंजेक्शनांचा काळाबाजार केला त्यांनाही घरच्यांची काळजी वाटतच असणार. आनंद वाटला तर वाटू द्यावा, पण तो कुणाच्या जिवावर चाललाय याची चौकशी करावी. त्या उन्हाळ्यातली आमची घरातली शांतता मावशींच्या रिकाम्या डब्यावर उभी होती; पगार चालू ठेवला तर ती शांतता थोडी कमी लाजिरवाणी होते, इतकंच. हे सोपं आहे आणि तरी पाचांपैकी दोन घरांना जमलं नाही.

१ जुलै २०२० च्या आषाढीसाठी माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. पुढच्या वर्षीही एसटीनंच. २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली, तेव्हा पुण्यात पालखी बघायला उभी होते. एक म्हातारा वारकरी नाचत होता आणि रडत होता. शेजारच्यानं सांगितलं, यांच्या दिंडीतली दोन वर्षांत सहा माणसं कमी झाली. त्याला कुणी थांबवलं नाही, नाचायचंही आणि रडायचंही. दिंडी होती ना बरोबर.

घराघरांत तशी दिंडी आता बांधायला उशीर झाला आहे, पण वेळ गेलेली नाही. तुमच्या ओळखीत एखादं घर असेलच, जिथं त्या दोन वर्षांत माणूस गेलं आणि दहावं-तेरावं दोघातिघांत उरकलं गेलं. या रविवारी त्यांना फोन करा, येतो म्हणा. जाताना काहीतरी गोड घेऊन जा आणि पहिला घास तुम्ही भरवा. गेलेल्या माणसाचा एखादा हसवणारा किस्सा तुम्हाला आठवत असेल तर तो आधी तुम्हीच सांगा. मग ते जे सांगतील ते ऐका, चपलांचं, झोपेचं, जे असेल ते; आणि ‘असं बोलू नये’ एवढं मात्र म्हणू नका.